दळणाला गेलेला घरमालक

“आणि माणसं काय म्हणाली?” अक्कांनी विचारलं.

“छान म्हणाली. सगळीच छान म्हणाली.”

“मग?”

“मग गेली.”

अक्का शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

गोदाक्का चौगुले यांची सारी हयात सांगली-मिरजेत घरं दाखवण्यात गेली होती. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी काम सोडलं. तरी कुणाचं घर विकायचं अडलं, की धंद्यातली माणसं विश्रामबागेतल्या त्यांच्या व्हरांड्यात येऊन बसत.

प्रणीत आवटी आज तसाच आला होता. शिकायला मात्र आला नव्हता. पुण्यात प्रशिक्षण घेऊन, प्रमाणपत्र भिंतीवर लावून त्याने ऑफिस थाटलं होतं. एकच घर अडलं होतं. दोष घराचा आहे, तुझा नाही, एवढं त्याला अक्कांच्या तोंडून ऐकायचं होतं.

“दर रविवारी ओपन हाउस ठेवतो, अक्का, घर सगळ्यांना बघायला खुलं. कोपऱ्यावर बाणाचा बोर्ड. फाटकाला फुगे. दिवसासुद्धा सगळे दिवे चालू. घरभर सुवास. जुने फोटो काढून टाकलेत. दारातच टॅबवर नाव, नंबर, बजेट घेतो. संध्याकाळी प्रत्येकाला आभाराचा मेसेज.”

“आणि घरमालक?”

“त्यांना थांबू देत नाही. पहिला नियमच तो. मालक घरात असला, की बघायला आलेल्याला ते घर आपलं वाटत नाही.”

“मग ते कुठं जातात?”

“बाहेर.”

“बाहेर म्हणजे?”

प्रणीतने आठवून पाहिलं.

“...विचारलं नाही कधी.”

अक्कांनी हातातली शेंग तशीच सुपात टाकली.

“येत्या रविवारी मला घेऊन जा.”

*

घर हरिपूर रस्त्याला लागून एका गल्लीत होतं. बसकं, स्वच्छ, वर गच्ची. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले यशवंत ताम्हनकर तिथे एकटेच राहत. पत्नी वत्सला वारल्या होत्या. मुलगी अश्विनी बडोद्याला होती. उन्हाळ्यात ताम्हनकर न्हाणीघरात पडले, तेव्हापासून ती रोज फोनवर एकच म्हणत होती : बाबा, घर विका आणि इकडे या.

अक्का काठी टेकत आत आल्या.

भिंतींवर फोटो काढल्याच्या चौकोनी फिकट खुणा होत्या. एका भिंतीवर मात्र डोंगर-सरोवराचं भलंमोठं चित्र होतं, नवंकोरं.

“याच्यामागं काय आहे?”

“काही नाही. जरा ओल आहे.”

अक्का पुढे गेल्या. स्वयंपाकघरात त्यांनी एक डबा उघडला. गव्हाचं पीठ. दुसरा उघडला. ज्वारीचं. तिसऱ्यातही पीठ, काठोकाठ.

“एकटाच माणूस राहतो ना इथं?”

“हो.”

“मग एवढं पीठ कशाला?”

प्रणीतला कंटाळा आला. म्हाताऱ्या माणसांना दुसऱ्यांचे डबे उघडायची खोडच असते, असं त्याला वाटलं. तो घड्याळ बघत राहिला.

अक्का बाहेरच्या खोलीत आल्या आणि त्यांनी खिडकीचा पडदा बाजूला केला.

गल्लीच्या पलीकडे पिठाची गिरणी होती. तिच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा. पायाशी डबा. हात मांडीवर. नजर इकडे, या घराकडे.

“कोण ते?”

प्रणीतचा आवाज जरा खाली गेला.

“...ताम्हनकर काका.”

“दर रविवारी तुझ्याकडं माणसं येतात. त्यातला एकटा हा माणूस शेवटपर्यंत घर बघत बसतो. त्याला कधी आत बोलावलंस?”



अक्कांनी भिंतीजवळ जाऊन सुवासाच्या यंत्राचं बटण बंद केलं. दिवे बंद केले. मग आतल्या खोलीतून एक जुनी वेताची खुर्ची ओढत आणली आणि बैठकीत, दाराकडे तोंड करून ठेवली.

“जा. त्यांना पाठवून दे.”

“आणि मी?”

“दळण व्हायचं असेल ना अजून? तू बस तिथं.”

“अक्का, माणसं यायची वेळ झालीय! ओपन हाउस मी ठेवलंय, आणि मीच...”

अक्का टॅबचं छोटं टेबल उचलून कोपऱ्यात ठेवत होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना ते जड जात होतं. प्रणीतने ते त्यांच्या हातातून घेतलं, कोपऱ्यात ठेवलं आणि तो बाहेर पडला.

*

“काका, तुम्हाला आत बोलावलंय.”

ताम्हनकर गडबडीने उठले. “काही झालं का? पण तुम्हीच म्हणाला होता, की मी...”

“हो. म्हणालो होतो.”

“आणि दळण?”

“मी थांबतो.”

ताम्हनकरांनी सदरा झटकला. रस्ता ओलांडला. स्वतःच्याच फाटकाशी ते क्षणभर घुटमळले, मग आत गेले.

प्रणीत ओट्यावर बसला.

आजवर तो या घरी दर वेळी गाडीतून थेट फाटकाशी उतरला होता. इथून त्याने ते कधी पाहिलंच नव्हतं. भिंतीवरून जास्वंद बाहेर झुकली होती. गच्चीवर एका बाजूला कपडे वाळत घालायच्या तारेचा एकच खांब उरला होता. पायरीचा मधला भाग झिजून खोलगट झाला होता.

त्याच्या वडिलांनी इस्लामपूरचं घर विकलं, तेव्हा तो वसतिगृहात होता. दिवाळीला आला तो नव्याच पत्त्यावर. जुन्या घरात त्याने शेवटचं कधी पाऊल टाकलं होतं, हे त्याला पुढे कितीही आठवलं तरी आठवलं नाही. त्या दिवशी ते शेवटचं आहे हे कुठे माहीत होतं?

एक स्कूटर आली. नवराबायको. बाईने डोक्यावरची ओढणी सारखी केली. दोघंही फाटकाशीच उभी राहिली, आत डोकावत, जणू कुणी हटकेल. नवरा काहीतरी पुटपुटला आणि त्याने स्कूटर वळवायला घेतली.

तेवढ्यात ताम्हनकर पायरीवर आले. ते काय म्हणाले, ते गिरणीच्या घरघरीत ऐकू आलं नाही. पण दोघं आत गेली.

मग एक जाड गृहस्थ आणि त्यांचा मेहुणा. मग एक कुटुंब, सासूसकट.

प्रणीत वाट बघत राहिला. एरवी माणसं आत जायची आणि लगेच बाहेर यायची. आज कुणीच बाहेर येईना.

पीठ झालं. डबा गरम होता. तो छातीशी धरून प्रणीत रस्ता ओलांडून दारात आला. त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही. पाहुण्यासारखा तो उंबऱ्याशीच थांबला.

ताम्हनकर वेताच्या खुर्चीत बसले होते. माणसांच्या हातात चहाचे कप होते. मध्ये ताटात भडंग. अक्का एका कोपऱ्यात, काठीवर हनुवटी टेकून.

“तुम्ही मागच्या रविवारी पण आला होता,” ताम्हनकर स्कूटरवरच्या जोडप्याला म्हणत होते. “फाटकापासूनच परत गेलात.”

नवरा ओशाळला. तो मिरजेच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करी. इर्शाद मुजावर त्याचं नाव, आणि बायकोचं शबाना.

“दारात नावं घेत होते ना, काका. आमचं असं होतं... घर आवडतं. मग नाव सांगतो. मग कळतं, की ते घर आधीच विकलं गेलंय.”

शबाना उगाचच हसली.

सासूबाई कपात बघत राहिल्या. प्रणीतच्या हातातला डबा आता चटके द्यायला लागला होता, पण त्याला तो खाली ठेवावासा वाटेना.

“अजून थोडा चहा घ्या,” ताम्हनकर म्हणाले. “आल्याचा आहे.”

शबानाने कप पुढे केला. मग धीर करून विचारलं :

“काका, पुरात पाणी कुठवर आलं होतं?”

सांगलीत हा प्रश्न येतोच. प्रणीतकडे त्याचं उत्तर तयार होतं : आता तसा धोका राहिलेला नाही. त्याने तोंड उघडलं.

अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं.

त्याने तोंड मिटलं.

ताम्हनकर उठले. त्यांनी दोन्ही हातांनी ते डोंगर-सरोवराचं चित्र भिंतीवरून उतरवलं. मागे नवा रंग होता आणि रंगातूनही वर आलेली एक मातकट रेघ, आडवी, लांबलचक.

“इथवर,” ते म्हणाले. आणि रेघेशी उभे राहिले. ती त्यांच्या छातीला लागत होती.

जाड गृहस्थांनी कप खाली ठेवला. “बराय, येतो आम्ही,” म्हणून मेहुण्यासह उठले. सासूबाईंनी सुनेला खूण केली. बघता बघता खोली रिकामी झाली.

मुजावर नवराबायको तेवढी बसून राहिली.

ताम्हनकर रेघेपाशीच उभे होते. माणसं गेली हे त्यांच्या ध्यानात आलं होतं की नाही, कोण जाणे.

“आम्ही दोघं गच्चीवर होतो,” ते म्हणाले. “खाली भांडी तरंगत होती, एकमेकांवर आपटत होती. वत्सला आवाजावरून ओळखायची. म्हणायची, हा मोठा टोप. ही परात. मग बोट आली. मी हिला हात धरून बसवलं. बोट निघाली, तशी ही मागे वळून घराला म्हणते, आलोच हं आम्ही.”

ते थांबले.

“घराला म्हणाली. शेजारी जाताना सांगतात ना, तसं.”

शबाना उठली. तिने भिंतीजवळ जाऊन रेघेवर तळवा ठेवला.

“आमच्याकडे पण पाणी आलं होतं,” ती म्हणाली. “भाड्याची खोली होती. छावणीत सगळे म्हणायचे, आमचं घर बुडालं, आमचं घर बुडालं. आम्हाला तेसुद्धा म्हणता येईना.”

*

अक्कांना रिक्षात बसवताना प्रणीतला राहवलं नाही.

“सगळे पळाले, अक्का. एकच जोडपं राहिलं.”

“तुला घर कितीजणांना विकायचं होतं?”

“...एकालाच.”

अक्कांनी रिक्षावाल्याला चल म्हणून खुणावलं.

*

मुजावरांनी होकार कळवला. किमतीची फारशी ओढाताण झाली नाही. प्रणीत कागदपत्रांच्या तयारीला लागला आणि त्याच आठवड्यात ताम्हनकरांचा फोन आला.

“मला घर विकायचं नाही.”

प्रणीत तडक विश्रामबागेत गेला.

“तुम्ही समजवा त्यांना. तुमचं ऐकतील.”

“काय समजावू?”

“एकटं राहणं बरं नाही म्हणून. पडले होते ते. पुन्हा पडले तर? मुलीच्या जिवाला घोर आहे.”

“हे त्यांना ठाऊक नाही?”

“आहे.”

“मग?”

प्रणीतने हातातली फाइल मिटली.

“त्यांच्याजवळ जाऊन बस,” अक्का म्हणाल्या. “घराबद्दल बोलू नकोस.”

“किती दिवस?”

अक्कांनी डोळे मिटून घेतले. झोपल्या की काय, कळेना. थोडा वेळ थांबून तो निघाला.

तो संध्याकाळी ताम्हनकरांकडे जायला लागला. सुरुवातीला अवघडून, मोबाईल चाळत बसे. त्या घरात इतके रविवार काढले, पण तो तिथे कधी बसला नव्हता. नेहमी उभाच होता.

काढून ठेवलेले फोटो त्याने एके दिवशी कपाटातून आणले आणि आपापल्या फिकट चौकोनांवर टांगले. त्या दिवशी ताम्हनकरांनी भाकरी थापली. पीठ चिकार होतं. जाडीभरडी, एका बाजूला करपलेली भाकरी, लसणाची चटणी. दोघांनी मागच्या दारात बसून खाल्ली.

दिवेलागणीला मागच्या दारातून नदीकडचा वारा येई. त्या वेळी ताम्हनकर बोलायचे थांबत. कुणीतरी आतून हाक मारील अशा अपेक्षेने मान जरा कलती करून बसत. प्रणीतही मग थांबे. हाक येत नसे. तरी दोघं ऐकत राहत.

एकदा असंच बसलेलं असताना प्रणीतच्या मनात आलं, हे घर विकलंच जाऊ नये. कुणालाच. हे असंच राहावं, हे दार, हा वारा, हा माणूस. आणि आपल्यालाही कधीतरी अशा दारात बसता यावं.

तो दचकला. दुसऱ्या दिवशी अक्कांकडे गेला.

“अक्का, हे काम मी सोडतो. दुसऱ्या कुणाचं तरी नाव सुचवा.”

“का रे?”

“मलाच आता वाटतंय, ते घर विकू नये. असं वाटायला लागल्यावर मी काय घर दाखवणार?”

त्याला वाटलं, अक्का रागावतील. निदान हसतील.

अक्कांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या :

“आता दाखव.”

*

पण दाखवायची वेळ त्याच्यावर आलीच नाही. त्या संध्याकाळी ताम्हनकर आपणहून म्हणाले :

“त्या मुलीला बोलव बरं. शबानाला.”

“कशाला, काका?”

“मागच्या खिडकीचा खिट्टा तिला दाखवायचा राहिलाय. आधी वर उचलावा लागतो, मग सरकतो. जोर लावला तर तुटेल. तिला कोण सांगणार?”

प्रणीतने मोबाईल काढून शबानाचा नंबर शोधला.

“आणि जास्वंदीला भर उन्हात पाणी घालू नये म्हणावं,” ताम्हनकर म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. “वत्सलाला चालायचं नाही.”

शबाना आली. एकदाच नाही, बऱ्याचदा आली. खिट्टा शिकली. पावसाळ्यात कुठलं दार फुगतं, गच्चीचा नळ कुठे वळतो, शेजारच्या वहिनी कशाने रागावतात, सगळं ऐकून घेतलं. एकदा जाताना ती ताम्हनकरांना म्हणाली, “काका, रेघेवर आम्ही रंग देणार नाही.” ताम्हनकरांनी मान हलवली आणि ते लगबगीने आत निघून गेले.

कागद झाले. अश्विनी रडली, ताम्हनकर रडले नाहीत.

*

निघायच्या दिवशी अश्विनी गाडी घेऊन आली होती. सामान फार नव्हतं. वेताची खुर्ची ताम्हनकरांनी ठेवूनच दिली. मुजावर मुद्दामच आले नव्हते. “ते निघाल्यावर आम्ही येऊ,” शबानाने कळवलं होतं. “त्यांच्यादेखत सामान आत न्यायला नको वाटतं.”

अक्का आल्या होत्या. फाटकाशी काठी टेकून उभ्या होत्या.

ताम्हनकर सगळ्या खोल्यांतून एकदा हिंडून आले. बाहेर आले. किल्ल्या त्यांनी प्रणीतच्या हातावर ठेवल्या आणि त्याची मूठ मिटवून तिच्यावर आपला हात क्षणभर ठेवला.

“येतो,” ते म्हणाले. ते कुणाला, हे प्रणीतला कळलं नाही.

मग ते सरळ चालत जाऊन गाडीत बसले. मागे वळून पाहिलं नाही. काच वर गेली.

गाडी निघाली. गिरणीवरून पुढे गेली, कोपऱ्यावर वळली, दिसेनाशी झाली.

प्रणीत उभाच राहिला. वारा सुटला होता. मागचं दार हलकेच आपटलं. काहीतरी करायचं म्हणून त्याने कुलूप हातात घेतलं.

“गेले,” तो म्हणाला. “लावू का आता?”

अक्का उघड्या दाराकडे बघत होत्या.

“थांब जरा,” त्या म्हणाल्या. “अजून निघतायत ते.”